अकरा मिनिटांचा आचारी

काओश्युंगच्या बंदराकडं, साखरेच्या जुन्या गोदामात शहरानं समकालीन कलेचं दालन थाटलंय. त्याच्या तिसऱ्या खोलीत एक बाक आहे. त्या बाकावर थियाम-होक आचारी सलग आठ दिवस येऊन बसला, आणि आठही दिवस सातवं मिनिट आलं की उठून बाहेर पळाला.

आता हा माणूस कलेच्या वाटेला जाणाऱ्यातला नव्हेच. को थियाम-होक म्हणजे रस्त्यावरच्या जेवणावळींचा आचारी. मांडव टाकायचा, तीस-चाळीस गोल टेबलांवर लाल प्लास्टिक पसरायचं, आणि भट्ट्या पेटवून खेकड्याचा चिकट भात, बदक, कोंबडीचं सूप असे बारा पदार्थ ओळीनं वाढायचे. लग्न असो, देवळाची जत्रा असो की मयताचं जेवण असो, हात तोच. पंचेचाळीस वर्षं त्यानं हेच केलं. हल्ली लोक हॉटेलात लग्नं करायला लागले, याचे गुडघेही कुरकुरायला लागले, म्हणून घरी बसून होता. घरी बसलेला आचारी म्हणजे बायकांच्या भाषेत सांगायचं तर नुसती अडगळ. स्वतःपुरता भात शिजवायचा आणि लेकीच्या लग्नाची वाट बघायची.

अशात एक दिवस दालनाचं जाडजूड कार्ड घरी आलं. वर फोटो. उघडाबंब, तोंडात विडी, हातात सुरा, अंगात मांस कमी आणि मस्ती जास्त असा अडतीस वर्षांचा एक गडी.

"अरे तिच्या! हा तर मी!"

तेव्हा कुठं त्याला आठवलं. सव्वीस वर्षांपूर्वी देवळाच्या जत्रेत एक कॅमेरावाली बाई दुपारभर त्याच्या मागं मागं हिंडली होती. राबणाऱ्या माणसांवर काहीतरी करत होती म्हणे. ती बाई पुढं मोठी झाली, परदेशी गेली, आणि तिची ती फिल्म आता शहरानं आपल्या संग्रहात घेतली होती. बस्स, थियाम-होकची छाती फुगली. दाढी केली, पायांत बूट चढवले आणि गेला तो थेट दालनात. दारावरच्या पोरीला म्हणाला, "आतमध्ये मी आहे. मला बघायला मी आलोय."

तिसऱ्या खोलीत काळा जाड पडदा बाजूला करून आत शिरलं की अंधार. समोर पलंगपोसाएवढा पडदा, त्यावर फिल्म. अकरा मिनिटांची, संपली की पुन्हा पहिल्यापासून. शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या पोरीला हा कोपरानं ढोसून सांगत होता, "बघ बघ, बदक कसं सोलतोय! हाड कुठं तुटेल ते न बघता कळायचं मला." पडद्यावर भट्टी अशी भणभणत होती की माणसाचं बोलणं ऐकूच येऊ नये. म्हणून बोलणं खाली अक्षरांत उमटत होतं. कोपऱ्यात दोन खुर्च्या जोडून चार वर्षांची एक पोर झोपली होती, अंगावर टेबलाचं लाल प्लास्टिक. तिला बघून त्याला हसू फुटलं. पेइ-यिंग ती, त्याची लेक.

मग सातवं मिनिट आलं. कॅमेरामागून बाईनं काहीतरी विचारलं. पडद्यावरच्या गड्यानं पोरीकडं सुऱ्यानंच बोट केलं, आणि खाली अक्षरं उमटली.

"पोर माझ्या रक्ताची नाही."

आणि त्यापाठोपाठ, "ठेवायची की आजीकडं धाडून द्यायची, अजून ठरवलं नाही."

शेजारची पोरगी "अय्या" म्हणाली. थियाम-होक उठला आणि पडदा चाचपडत बाहेर आला. आपण हे बोललो होतो हेच तो साफ विसरला होता.

खोटं नव्हतं ते, तीच तर पंचाईत. आ-श्वे त्याच्याकडं भांडी विसळायला यायची. तिला दिवस गेलेले आणि गडी पळालेला. थियाम-होकनं तिच्याशी लग्न केलं तेव्हा पाचवा महिना होता. पोर तीन वर्षांची झाली आणि आ-श्वे डोक्यात गाठ होऊन गेली. पिंगतुंगची आजी, म्हणजे आ-श्वेची आई, निरोपावर निरोप धाडायला लागली, पोर आमच्याकडं द्या म्हणून. पहाटे तीनला मासळीबाजारात जाणारा एकटा गडी, आणि पदरात दुसऱ्याची पोर. जी गोष्ट माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही, ती अनोळखी बाईला सांगून मोकळा होतो, तसं झालं. एकदाच बोलला आणि ते नेमकं कॅमेऱ्यात अडकलं.

रक्ताचं पेइ-यिंगला कळलं होतं. गल्लीतल्या बायका काय गप्प बसतात? सोळाव्या वर्षी कुणीतरी तिच्या कानात ओतलंच. ती दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अप्पा, सूप आहे का?" आणि विषय मिटला. दोघांनी तो पुन्हा कधी काढला नाही. पण दुसरं वाक्य? आपला बाप आपल्याला बाजारातल्या मासळीसारखं हातात धरून, घेऊ की नको, असं तोलत होता, हे तिला ठाऊक नव्हतं. ते तिला कधी कळू नये, एवढंच थियाम-होकला जन्मात हवं होतं.

तो दारावरच्या पोरीकडं गेला. "बाळ, ती आतली फिल्म बंद करायची."

"का हो काका? बिघडली का?"

"बिघडली नाही. मी बिघडलोय तिच्यात. बंद कर."

पोरगी हसली, मग याचा चेहरा बघून हसायची थांबली. "काका, ती शहराच्या मालकीची कलाकृती आहे. आम्हाला बंद नाही करता येत."

"बरं, बंद नको. ते एक वाक्य येतं ना, तेवढ्यापुरती खाली पट्टी लाव काळी."

"असं नाही करता येत, काका."

"अगं, माझंच तोंड आहे ते! माझं मी परत मागतोय!"

ती बिचारी आत गेली आणि फिल्मच्या संमतीच्या कागदाची प्रत घेऊन आली. खाली तांबडा शिक्का. "हा तुमचाच ना?"

त्याचाच होता. त्या दुपारी हात बदकाच्या चरबीनं बरबटलेले, म्हणून त्यानं गळ्यातल्या पिशवीतून, सहीच्या जागी मारतात तो आपल्या नावाचा शिक्का काढून त्या बाईपुढं टाकला होता. "तूच मार कुठं मारायचा तो." मी म्हणतो, माणसानं एक वेळ बायको उसनी द्यावी, शिक्का देऊ नये. पण आपल्याकडं बँकेतल्या बाईच्या हातात शिक्का देऊन चहा पीत बसणारे थोडे आहेत का?

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पेइ-यिंग दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवते; चित्रं-बित्रं बघायला तिला वेळ कुठला? दोन महिन्यांत दालनात दुसरं काही लागलं असतं आणि बला टळली असती. पण त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. त्सुंग-हानशी तिचं लग्न ठरत आलं होतं.

"अप्पा, पुढच्या शनिवारी त्सुंग-हानच्या आई भेटू म्हणाल्यात. आधी तुम्ही दोघं भेटा, मग बैठकीचं ठरवू."

"बरं झालं. कुठलं हॉटेल?"

"जेवण नंतर हो. आधी त्या आपल्याला कलादालन दाखवणार. रिटायर झाल्यापासून तिथं फुकट वाटाड्या म्हणून जातात ना त्या. बंदराकडचं ते, साखरेचं गोदाम."

थियाम-होकनं फोन या कानाचा त्या कानाला लावला. "मला काय कळतंय त्यातलं? थेट जेवायला जाऊ."

"त्यांचा जीव आहे त्यात. नाही म्हटलं तर वाईट वाटेल. आणि अप्पा, तुमच्यासाठी पांढरा शर्ट घेतलाय. डाग पाडू नका."

आता काय करावं? खरं सांगावं तर तेच वाक्य स्वतःच्या तोंडानं पुन्हा उच्चारायचं. आजारी पडावं तर लेकीची सोयरीक लांबणीवर. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधल्या धक्क्यावर हा पांढरा शर्ट धरून उभा.

म्हणून तो रोज जायला लागला. दहाला दालन उघडलं की हा हजर. काही वाट सापडते का बघायचा. एकदा पडद्यावर फिल्म टाकणाऱ्या यंत्राची वायर ओढायचा विचार केला. वायर छतात गेलेली. एकदा बाकावर बसून अकरा मिनिटांचा हिशेब लावला, की कितव्या मिनिटाला आत शिरलं तर कितव्याला बाहेर पडता येईल. एकदा त्या पडद्यावरच्या गड्याला हलक्या आवाजात शिवी दिली. तो गडी आपला विडी ओढत बदक सोलत होता. त्याला काय, तो अडतीसचाच राहणार. अकरा मिनिटांनी पुन्हा तेच म्हणणार, उद्याही म्हणणार, हा मेल्यावरही म्हणणार. आणि दर वेळी सातव्या मिनिटाला हा उठायचा. अंधारात पडद्याची फट सापडायची नाही, काळं कापड तोंडावर यायचं आणि हा पाण्यात बुडणाऱ्यासारखे हात मारत बाहेर यायचा.

दारावरची पोरगी पाणी आणून द्यायची. "काका, नका ना जाऊ आत."

"मी जातोय होय? मी आतच आहे," तो म्हणायचा.

शनिवार उजाडला. त्सुंग-हानची आई, मास्तरीणबाई, दारातच उभ्या, गळ्यात दालनाचं ओळखपत्र. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. बोलायला लागली की समोरचा आपोआप हाताची घडी घालतो. सोबत त्सुंग-हान, उंच, गरीब पोरगा.

"या या, व्याहीबुवा! आजपासून असंच म्हणणार हं मी. हान, तू पुढं जाऊन हॉटेलात टेबल धर. तुला काही कळत नाही, नुसत्या जांभया देशील."

हान सुटल्यासारखा गेला. थियाम-होकला वाटलं, आपणही त्याच्याबरोबर टेबल धरायला जावं.

पहिल्या खोलीत मासेमारीच्या फाटक्या जाळ्यांचा डोंगर होता. थियाम-होकनं तिथंच ठाण मांडलं. ही जाळी कुठली? कुठल्या होडीची? गाठी कुणी मारल्या? वास का येत नाही? जन्मात विचारले नसतील एवढे प्रश्न त्यानं त्या जाळ्यांबद्दल विचारले. मनात एकच, इथंच बारा वाजवायचे आणि जेवायला निघायचं. पेइ-यिंग तोंड वासून बापाकडं बघत राहिली.

पण केलं एक आणि झालं भलतंच. मास्तरीणबाई हरखून गेल्या. "बाई बाई, किती रसिक आहात हो तुम्ही! मला वाटलं होतं कंटाळाल. थांबा, आता तुम्हाला माझी सगळ्यात लाडकी गोष्ट दाखवते. दुसरी खोली सोडून देऊ, थेट तिसरीत चला."

"माझ्या पोटात कळ आलीय," थियाम-होक म्हणाला.

"अकरा मिनिटांचीच फिल्म आहे. एका आचाऱ्यावरच आहे! तुमच्यासाठीच केल्यासारखी."

"अप्पा, चला ना," पेइ-यिंगनं दंडाला धरलं. लेकीनं दंड धरला की संपलं.

काळा पडदा मागं मिटला. पडद्यावर गडी बदकावर उकळतं पाणी ओतत होता. तिसरं मिनिट. चार मिनिटं उरली. त्यानं पेइ-यिंगकडं चोरून बघितलं. तिनं अजून ओळखलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी तर डझनावारी वेळा बघूनही ओळखलं नव्हतं. त्या वाळक्या गड्यात आणि या ढेरपोट्या म्हाताऱ्यात सव्वीस वर्षांचं जेवण होतं.

"आता नीट बघा," मास्तरीणबाई शाळेच्या आवाजात म्हणाल्या. "तो कोपरा बघा. पोर झोपलेली दिसतेय? पुढं एक वाक्य येतं. ते आलं की सगळे गप्प होतात. मग मी लोकांना विचारते, सांगा, पुढं त्या पोरीचं काय झालं असेल?"

"काय सांगतात लोक?" पेइ-यिंगनं विचारलं.

"बहुतेक जण म्हणतात, दिली असणार सोडून."

"नाही!" थियाम-होक एवढ्या जोरात म्हणाला की दोघी दचकल्या.

"अप्पा, हळू." पेइ-यिंग पडद्याकडं वळली, आणि तिची मान जरा पुढं झाली. कोपऱ्यातली ती दोन खुर्च्यांची गादी, ते लाल प्लास्टिक. "अप्पा... हे आपलं देऊळ ना? हे तुम्ही आहात?"

सहावं मिनिट सरलं. गड्यानं मान वर केली. कॅमेरावालीनं विचारलं. सुरा पोरीकडं वळायला लागला.

थियाम-होक उठला. बाहेर नाही पळाला या वेळी. सरळ पुढं गेला आणि पडद्यासमोर, जिथं खाली अक्षरं येतात नेमक्या त्याच जागी, पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. गल्लीत कुत्रं अंगावर आलं की लहान पोराला मागं घालून उभं राहावं, तसा.

"अप्पा, हे काय? सरका ना!"

"काही नाही तिथं. बघण्यासारखं काही नाही. जेवायला चला."

पण पेइ-यिंग त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती, छातीकडं बघत होती. थियाम-होकनं मान खाली घालून बघितलं. तिनंच आणलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर, पोटाच्या गोलाईवर जरा वाकलेली, कडेची दोन बाह्यांवर गेलेली, अक्षरं स्वच्छ उमटली होती. पोर माझ्या रक्ताची नाही. ती विझली आणि दुसरी आली. ठेवायची की आजीकडं धाडून द्यायची, अजून ठरवलं नाही.

त्यानं हातानं ती पुसायचा प्रयत्न केला. अक्षरं हाताच्या पंजावर आली.

भट्टी भणभणत राहिली. मास्तरीणबाईंनी एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा त्या शर्टाकडं, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या आपल्या होणाऱ्या सुनेकडं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणाला काही समजावून सांगावंसं वाटलं नाही. त्या बाकावर बसल्या आणि त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून मुठीत धरलं.

थियाम-होकचे हात खाली आले. आता झाकायला काही उरलं नव्हतं आणि जायला वाटही नव्हती. पुढं लेक, मागं तो स्वतः.

"रक्ताचं मला ठाऊक होतं," पेइ-यिंग म्हणाली. "दुसरं नव्हतं ठाऊक."

"हां."

"मग? कधी ठरवलंत?"

थियाम-होक आठवायला लागला. खोटं बोलायचं असतं तर सोपं होतं. त्याच रात्री ठरवलं म्हणाला असता, कोण तपासायला येतंय? पण लेक समोर उभी राहून विचारत होती, आणि त्याला खरंच तो दिवस शोधून काढायचा होता. जत्रेनंतर त्यानं तिचे कपडे एका पिशवीत भरले होते, एवढं नक्की आठवत होतं. पिंगतुंगच्या गाडीची वेळही विचारून ठेवली होती. पण दुसऱ्या दिवशी चाळीस टेबलांचं लग्न आलं. मग तिला ताप आला. मग पावसाळा लागला. मग कुणी म्हणालं, पोर शाळेच्या वयाची झाली, आणि शाळेसाठी बूट आणावे लागले. ती पिशवी कपाटावर पडून होती. एक दिवस डबा न्यायला काही सापडेना म्हणून तिनंच ती ओढून काढली, कपडे गादीवर ओतले आणि डबा घालून शाळेला गेली. त्यानंतर चोवीस वर्षं. त्यात असा एकही दिवस त्याला सापडेना की ज्या दिवशी तो बसला आणि त्यानं ठरवलं.

"खरं सांगू?" तो म्हणाला. डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "ते... ते ठरवायचं राहूनच गेलं गं."

पेइ-यिंगच्या तोंडून हसू फुटलं की हुंदका, ते अंधारात कळलं नाही. ती पुढं आली आणि तिनं बापाच्या शर्टाची वाकडी झालेली कॉलर नीट केली. तिच्या पाठीवर आता पडद्यातल्या बदकाचे तुकडे पडत होते.

"मग आता नका ठरवू," ती म्हणाली. "बसा इकडं. मला शेवटपर्यंत बघायचंय."

शेवट थियाम-होकनंही कधी बघितला नव्हता. तो दोघींच्या मधे बाकावर बसला.